फुल बाहीचा लॅपटॉप

ऑफिसनं पाठवलेला लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला की रडतो.

मंगळवारी कुरिअरवाला खोकं देऊन गेला. मी खोकं फोडलं, थर्माकोल बाजूला काढला आणि लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. तो आधी नुसता कुरकुरला. मग त्यानं एक लांब श्वास घेतला आणि असा सूर लावला, की समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी खिडकी लावून घेतली. मी घाबरून त्याला उचललं आणि मांडीवर घेतलं. गप्प. टेबलावर ठेवलं, पुन्हा सूर.

"पंखा असतो त्यात," श्रेणिक म्हणाला. श्रेणिक माझा नवरा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्याकडे तयार असतं. "गरम झाला की पंखा फिरतो. त्याचा आवाज."

"पंखा हुंदके देत नाही," मी म्हणाले.

आत्या पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांनी वाकून लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"काय म्हणतात याला?"

"लॅपटॉप."

"म्हणजे?"

"लॅप म्हणजे मांडी. मांडीवर ठेवायचा तो."

"मग बरोबर आहे की त्याचं. मांडीवरच्याला उचलून टेबलावर टाकलंस, तर तो काय हसेल होय?"

प्रश्न माझ्या मांडीचा होता. मांडी एकच आहे आणि ती चंदूची आहे. चंदना सात महिन्यांची. ती झाल्यापासून माझी मांडी हळूहळू तिच्याच मापाची होत गेली. दोन्ही कडांना थोडी वर आलेली, मध्ये खोलगट, डोक्याच्या बाजूला एक मऊ खळगा. दुसरं काही त्यात ठेवायचं म्हटलं तर ती बाहेर येते. लॅपटॉप आत बसला की चंदू घसरगुंडीवरून उतरावं तशी अलगद खाली, जमिनीवर.

आणि जमिनीवर ठेवलं की चंदू वाढते.

वाढतात सगळीच मुलं. पण चंदू जमिनीवर ठेवल्याबरोबर वाढायला लागते आणि उचललं की थांबते. बुधवारी लॅपटॉपला मांडीवर घेऊन मी ऑफिसचे पासवर्ड बदलत बसले होते, तेवढा वेळ ती सतरंजीवर होती. उचलली तेव्हा तिला खालचे दोन दात आले होते आणि झबलं बेंबीच्या वर गेलं होतं. ते दात यायच्या आधी मला हिरडीवरून बोट फिरवून बघायचं होतं. आईनं सांगितलं होतं, तांदळाच्या दाण्यासारखं लागतं बोटाला. ते राहूनच गेलं. आता दोन अख्खे दात होते आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

माझी रजा सोमवारी संपत होती. काम घरूनच, पण दहा ते सहा. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांना मी मराठीत दिलगिरी लिहून पाठवते. वस्तू फुटलेली आली, उशिरा आली, दुसऱ्याचीच आली, की माझं पत्र जातं.

"दहा ते सहा ही खाली राहिली," श्रेणिक म्हणाला, "तर संध्याकाळी मी घरी येईपर्यंत हिला स्थळं आलेली असतील."

तो हे हसत म्हणाला, पण त्यानंतर रात्रभर त्यानं तिला स्वतःच्या छातीवर झोपवलं.

दुसरी सोय नव्हती असं नाही, पण एकही धड नव्हती. पाळण्यात ती बुधवारनंतर मावेना. पलंगावर ठेवली की लोळत लोळत थेट कडेला जाऊन खाली वाकून बघते. श्रेणिकची मांडी तिला आवडते, पण श्रेणिक आठ वाजता कारखान्यावर जातो आणि जाताना मांडी बरोबर घेऊन जातो. राहिल्या आत्या. आत्यांच्या मांडीवर कुणी बसलं, की आत्यांना गॅस बंद केल्याचं आठवत नाही, आणि त्या उठतात. चाळीस वर्षं त्या अशाच उठत आल्या आहेत.

मी ऑफिसच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. एक मुलगा बोलला, अगदी शांत.

"लॅपटॉप रडतोय," मी म्हणाले.

"मॅडम, स्लीव्ह घातलीय का?"

"नाही."

"उघडा ठेवलाय म्हणजे. स्लीव्ह घाला. आणि चार्जिंग कुठलं देताय?"

"भिंतीवरचं."

"पचतंय?"

मी खरं ते सांगितलं. भिंतीवरचं चार्जिंग दिलं, की थोड्या वेळानं तो ओकतो. सकाळी टेबलावर मूठभर स्वल्पविराम पडले होते.

"नाहीच पचत यांना. पॉवर बँक घ्या एखादी चांगली."

"मग टेबलावर राहील?"

"राहतात, मॅडम," तो म्हणाला, आणि मला पहिल्यांदाच सोमवार दिसला. लॅपटॉप टेबलावर, चंदू मांडीवर, वाढ जेवढ्यास तेवढी.

शनिवारी सकाळी मी निघाले. चंदूला पुढं झोळीत बांधलं, लॅपटॉप काखेत घेतला. निघताना आत्यांनी एक घडी हातात दिली. त्यांचं जुनं इरकल लुगडं, इतकं मऊ पडलेलं की हातात घेतल्याचं कळत नव्हतं.

"नव्या जिवाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. जुनेराचंच शिव म्हणावं."

"आत्या, ते तयार मिळतं. दुकानात टांगलेलं असतं."

"असू दे की टांगलेलं."

बसस्टँडच्या मागे 'आवटी टेलर्स अँड मोबाईल' असं दुकान आहे. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला भिंतभर चार्जर, मध्ये आवटी. दुकान तसं लहान. मी दारात उभी होते आणि हात लांब केला असता तर मागच्या भिंतीला लागला असता. कोपऱ्यातल्या खुर्चीत आवटींचे वडील, अप्पा, तोंड उघडं टाकून झोपले होते.

"लॅपटॉपला स्लीव्ह पाहिजे," मी म्हणाले.

आवटींनी गळ्यात टेप अडकवली. "स्लीव्ह. हाफ का फुल?"

मला वाटलं, संरक्षण अर्धं का पूर्ण असं विचारतायत. सात महिन्यांच्या मुलीची आई अर्धं संरक्षण कशाला मागेल?

"फुल," मी म्हणाले.

"मग कफ आलाच. बटण का हुक?"

"टिकाऊ काय आहे त्यात?"

मी हा प्रश्न विचारला आणि दुकान हातभर लांब झालं. मागची भिंत आवाज न करता मागे सरकली आणि मध्ये एक नवीन मांडणी आली, तीही भरलेली.

"बटण टिकतं. हुक अडकतो," आवटी म्हणाले. त्यांना दुकानाची सवय असावी.

"पाण्यात पडला तर?"

"बाही ओली होईल." आणखी एक मांडणी.

"आणि हातातून पडला तर?"

"बाहीत हात असल्यावर हातातून पडेल कसा, ताई?"

हे मला पटलं. मी अजून विचारत गेले. उन्हात फिका पडेल का, धुतल्यावर आटेल का, आत अस्तर असतं का, मुलानं चावलं तर रंग पोटात जातो का. दर प्रश्नाला दुकान लांबत गेलं. आवटींचा आवाज बारीक झाला. शेवटी माप घ्यायला ते सायकलवरून आले, काउंटरच्या आतल्या बाजूनं, घंटी वाजवत.

"सरळ उभा राहा," त्यांनी लॅपटॉपला सांगितलं. टेप लावल्यावर लॅपटॉपला गुदगुल्या झाल्या आणि तो बिजागरीतून हलला. जुनेर हातात घेऊन आवटींनी गालाला लावून पाहिलं. "सासूबाईंचं?"

"हो."

"दिसतंय. असलं कापड आता मिळत नाही. आत फोम घालतो बारीक." त्यांनी तिथंच कापलं आणि तिथंच शिवायला बसले.

मशीन चालू असताना मी पॉवर बँकेचं विचारलं.

"दहा हजार का वीस हजार?"

"दहा हजार काय?"

"ते कंपनी सांगत नाही. नुसते दहा हजार. वीस घेतलेत तर वीस हजार."

"आणि भरायची कशावर?"

"ही? झोपेवर." त्यांनी पाय मशीनवरून काढला. "बाकीच्यांकडच्या विजेवर भरतात. लहान लॅपटॉपला ते जड जातं. झोप पचायला हलकी. बघा, दाखवतो."

ते अप्पांपाशी गेले, वायरचं टोक अप्पांच्या टाचेला टेकवलं. काळ्या डबीवर एक हिरवा दिवा लागला. मग दुसरा. अप्पांनी तोंड मिटलं, डोळे उघडले.

"किती वाजले?"

"साडेअकरा. झोपा, अप्पा."

"गेली झोप," अप्पा म्हणाले. ते उठले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि दुकान झाडायला लागले.

"बसा तरी."

"बसवत नाही रे." आणि झाडत झाडत ते लांबवर निघून गेले. दुकान आता बरंच लांब होतं.

"येते का परत? झोप?" मी विचारलं.

"येते थोडी. सगळी येत नाही."

"जांभई चालते?"

"छे. डुलकी चालते, पण गाळ फार येतो." मग आवटींची नजर माझ्या झोळीकडे गेली. चंदू गाढ झोपली होती, एक पाय बाहेर. "चांगला माल तर तुमच्या अंगावरच आहे, ताई. असली झोप एकदा लावली की महिनाभर बघायला नको."

मी तिची टाच मुठीत धरली आणि वीस हजारवाली बांधून द्या म्हणाले. दुकानातून बाहेर यायला मला रिक्षा करावी लागली.

घरी येऊन लॅपटॉपला बाही घातली. खांद्याच्या बाजूनं पडदा आणि बटणं बाहेर राहत होती, तिथून टाइप करता येत होतं. बाकीची बाही टेबलावर लांब पसरलेली, टोकाला कफ, कफाला बटण. लॅपटॉपनं एक सुस्कारा टाकला आणि टेबलावर गप्प राहिला. मी चंदूला मांडीत घेतलं. ती आपल्या खळग्यात डोकं घालून बसली, गावाहून परत आल्यासारखी.

चहाच्या वेळेपर्यंत बाही रिकामी होती. नंतर ती कोपरापाशी जरा फुगली. मग कफातून हात बाहेर आला.

मध्यम आकाराचा, स्वच्छ हात होता. नखं कापलेली. तो टेबलावर चाचपडला, साखरेचा डबा पाडला, वर्तमानपत्र ओढून बघितलं, आणि शेवटी त्याला माझी डावी करंगळी सापडली. ती त्यानं धरली. मी सोडवून घेतली तेव्हा लॅपटॉपनं सूर लावायची तयारी केली, म्हणून पुन्हा दिली.

"मी फुल म्हणाले होते," मी आत्यांना सांगितलं.

"हाफ घेतली असतीस तर कोपरानंच ढोसलं असतं त्यानं," आत्या म्हणाल्या आणि काजळाची डबी आणून त्यांनी हाताच्या मागच्या बाजूला तीट लावली. "घरात नवीन हात आलाय. नजर लागायची."

समोरच्या चौगुले काकू बघायला आल्या. हात हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. "ऑफिसवर गेलाय," त्या म्हणाल्या.

तर व्यवस्था अशी झाली: टेबलावर लॅपटॉप, त्याच्या मुठीत माझी करंगळी, माझ्या मांडीत चंदू, आणि टाइप करायला उजवा हात. आता फक्त त्याचं पोट भरायचं राहिलं होतं. आवटींनी दाखवायला भरलेले दोन दिवे त्यानं आल्या आल्या संपवले.

मी श्रेणिक झोपायची वाट पाहिली. तो उशीला डोकं लागताच झोपतो. वायर घेऊन मी त्याच्या टाचेपाशी पोचले, तर दारात आत्या.

"काय चाललंय?"

"भरतेय, आत्या. गाढ झोपलाय तोवर."

"दिवस कधीचा मावळला. या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात नाही."

"हे खाणं नाही. चार्जिंग आहे."

"पोटात जातं ना त्याच्या?"

मी वायरकडे बघितलं. जात होतं.

"मग तेच ते. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून या घरात कुणी रात्रीचं खाल्लं नाही. आता हा कालचा आलेला खाणार?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या, म्हणजे विषय संपला होता.

म्हणजे उरली दिवसाची झोप. दिवसाची झोप आमच्या घरात कुणाकडे होती? रविवारी श्रेणिक जेवून आडवा झाला. मी वायर लावली. बऱ्याच वेळानं एकच दिवा लागला, तोही मिणमिणता. श्रेणिक ताडकन उठला, डबीकडे पाहून म्हणाला, "उतारा कमी पडला." ऊस गाळल्यावर साखर कमी निघाली की तो घरी येऊन असंच म्हणतो. मग त्यानं स्टूल आणलं आणि दोन्ही पंखे पुसले. पंखे झाल्यावर स्कूटर धुतली. स्कूटर झाल्यावर चौगुल्यांची स्कूटर धुतली. चौगुले काका बाल्कनीतून म्हणाले, "अहो मगदूम, राहू दे की," तर खालून नुसता पाण्याचा आवाज.

आत्या दुपारी कधी झोपत नाहीत. तसं त्या सगळ्यांना सांगतात. "मी दुपारची झोपत नाही बाई. जरा पडते नुसती." पडताना त्या भिंतीकडे तोंड करतात, आणि पडण्याचा आवाज हॉलपर्यंत येतो. तर त्या पडल्या. मी चंदूला कडेवर घेऊन हळूच गेले आणि त्यांच्या टाचेला वायर टेकवली. टाचेला भेगा होत्या. मला मनातून बरं वाटत नव्हतं.

एक दिवा, दुसरा, तिसरा, चौथा. डबी गरम झाली.

आत्यांनी डोळे उघडले. त्यांनी चार हिरवे दिवे बघितले. मी खिडकीकडे बघितलं.

"पडण्याचं पण भरतं वाटतं यात," त्या म्हणाल्या.

"भरत असेल, आत्या."

"भरू दे. पोरगी मांडीवर राहिली म्हणजे झालं." आणि त्या उठल्या. तेव्हापासून त्यांना मी बसलेलं पाहिलं नाही.

ती रविवारची संध्याकाळ मी विसरणार नाही. लॅपटॉप पोटभर प्याला. टेबलावर पडून माझी करंगळी चोखावी तशी धरून राहिला. चंदू माझ्या मांडीत होती, माझं मंगळसूत्र तोंडात घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. मी सरावाला म्हणून एका हातानं तीन दिलगिऱ्या लिहिल्या. तिन्ही चांगल्या झाल्या. चंदूला मापून पाहिलं. नखभरसुद्धा वाढली नव्हती.

पण लहान लॅपटॉप रात्रीचे उठतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो स्वतः होऊन उठला आणि त्यानं डबी चोखून काढली. सकाळी बघते तर एकच दिवा, तोही लुकलुकता. आत्या रात्रभर जाग्याच होत्या, त्यांनी डाळी निवडल्या होत्या, तांदूळ निवडले होते, आणि साखरसुद्धा निवडली होती.

"थांब, मी पडते," त्या म्हणाल्या.

त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी टाचेला वायर लावून बसले. आत्यांचे डोळे उघडेच होते. त्यांनी ते मिटले, ते पुन्हा उघडले.

"येईना गं सन्मती," त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या. मला नावानं त्या कधी हाक मारत नाहीत. "होती तेवढी दिली मी."

"असू दे, आत्या."

"टाकी तरी धुऊन घेते," म्हणून त्या उठून गच्चीवर गेल्या.

दहा वाजले. श्रेणिक गेलेला. चंदू दूध पिऊन माझ्या मांडीत झोपली होती. मी मीटिंग लावली. चौकटीचौकटीत सगळे आले, आणि मधल्या चौकटीत वैदेही मॅडम.

"वेलकम बॅक, मगदूम. कशी आहे मुलगी?"

"चांगली आहे, मॅडम."

"तो हात कुणाचा?"

"लॅपटॉपचा, मॅडम. बाही फुल आहे."

"ओके. आपण पहिला मुद्दा घेऊ. दिलगिरीत 'गैरसोय' लिहायचं का 'त्रास'?"

यावर चर्चा सुरू झाली. डबीवरचा दिवा लुकलुकत होता. लॅपटॉप कुरकुरायला लागला. मॅडमचा चेहरा पडद्यावर फिका झाला, परत आला, फिका झाला. लॅपटॉपनं श्वास घेतला. मला तो श्वास आता ओळखता येत होता. त्यानंतर सूर, आणि सुरानंतर त्याला मांडीवर घ्यावं लागणार, आणि चंदू खाली. दहा ते सहा. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या घोट्यावर एक वळी आहे, दोरा बांधल्यासारखी. आंघोळ घालताना मी ती रोज उघडून पुसते.

हातानं माझी करंगळी सोडली. तो डबीपाशी गेला, वायरचं टोक दोन बोटांत धरलं आणि टेबलाच्या कडेवरून खाली उतरायला लागला, बोटावर बोट टाकत, चंदूच्या टाचेच्या दिशेनं.

"नाही," मी म्हणाले.

हात थांबला.

"नाही कसं?" मॅडम म्हणाल्या. "'त्रास' मराठीच शब्द आहे."

"तुम्हाला नाही म्हणाले, मॅडम."

हात पुन्हा निघाला. तो वाईट नव्हता. त्याला भूक लागली होती, आणि घरात झोप एकाच ठिकाणी दिसत होती. मी चंदूची टाच मुठीत घेतली. मग मला सुचलं, की घरात अजून एका ठिकाणी झोप आहे. झालेली नाही, पण आहे. सात महिने मी ती उद्यावर टाकत आले होते आणि ती सगळी आत पडून होती, घडी न मोडलेल्या साडीसारखी.

मी हाताकडून वायर घेतली आणि माझ्या स्वतःच्या टाचेला लावली.

चारही दिवे एकदमच लागले. पाचव्याला डबीवर जागा नव्हती, तो भिंतीवरच्या बटणांच्या फळीवर लागला. मग फ्रिजवर एक लागला, पाण्याच्या फिल्टरवर एक, दाराच्या बेलवर एक. जिन्यातला दिवा लागल्याचं चौगुले काकू ओरडून सांगत होत्या. लॅपटॉप पीत होता. तो इतका प्याला, की बाहीची शिवण ताणली, त्याचा पडदा जड झाला, आणि तो झोपला.

त्याची झोप मीटिंगमध्ये गेली. आधी कोपऱ्यातल्या चौकटीतल्या मुलाची मान पडली. मग शेजारच्या बाईंची. मॅडम म्हणाल्या, "तर मग 'गैरसोय'च—" आणि त्यांनी गाल टेबलावर टेकला. प्रत्येक चौकटीत नुसते भांग दिसत होते. कुणीतरी हलकेच घोरत होतं आणि ते म्यूटवर नव्हतं. मीटिंग संपली नव्हती, पण कुणाला माझी गरजही नव्हती. लॅपटॉप टेबलावर होता. चंदू मांडीत होती. हातानं झोपेतच माझी करंगळी शोधली आणि घट्ट धरली. झोपलेली मुलं फार घट्ट धरतात.

मला एकदम वरच्या कपाटाची धूळ दिसली.

इतकी लख्ख मी कधीच जागी नव्हते. खिडक्यांचे गज, मिसळणाच्या डब्याची कड, पडद्यांच्या रिंगा, सगळं एकाच वेळी दिसत होतं आणि सगळं आत्ताच करायचं होतं. माझे गुडघे सरळ व्हायला लागले. मी त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न केला. मला बसवेना.

मांडी बसलेल्या बाईलाच असते. मी जसजशी उठत गेले, तसतशी ती कमी होत गेली. आधी डोक्याचा खळगा गेला, मग कडा गेल्या, मग उतार झाला. चंदू झोपेतच घसरली. डावा हात अडकलेला. उजवा मी तिच्या पोटाखालून घातला आणि तिला अंगाशी दाबलं, पण मी अजून उठतच होते, आणि ती झबल्यातून खाली, खाली.

"आत्या!"

"आले, आले!" गच्चीवरून आवाज आला. बादली कुठंतरी गडगडली.

चंदूचा उजवा पाय फरशीला लागला.

फक्त पाय. बाकी ती माझ्या हातावर होती तशीच होती, सात महिन्यांची, तोंडाला दुधाचा वास, डोळे मिटलेले. पाय मात्र वाढला. घोट्यावरची वळी उलगडली आणि गेली. पांढरा मोजा आला, नडगीच्या मध्यापर्यंत. मग काळा बूट आला, शाळेचा, पुढं थोडा घासलेला. त्याची लेस सुटली होती.

जिन्यावर आत्यांची पावलं वाजत होती. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मी कमरेतून वाकले आणि लेसचं एक टोक दातांत धरलं.